देवाकडे पाठ

माया लोकांच्या त्या प्राचीन शहरातला पिरॅमिड चढल्याचा टेंबेसरांचा आनंद खाली बघेपर्यंतच टिकला. चढताना पायऱ्या नुसत्या अरुंद वाटल्या होत्या. वरून त्या दिसतच नव्हत्या. सरांनी एक पाय पुढे टाकला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि माथ्यावरच्या देवळाच्या भिंतीला टेकून ते मटकन खाली बसले. बसले ते बसलेच. गाइड ओरडून थकला. खाली सहलीची बस भोंगा वाजवू लागली.

तेवढ्यात खालून बायकोचा आवाज आला, "अहो, देवाकडे पाठ करू नका! उलटे उतरा!"

सर चिडले. गाभाऱ्यातून ती अशीच उलट्या पावलांनी निघायची, आणि कुठलाच देव न मानणारे सर चाळीस वर्षं तिला हसत आले होते. पण आता दुसरा इलाजच नव्हता. त्यांनी देवळाकडे तोंड केलं, दोन्ही हातांनी पायरी धरली आणि पाय चाचपत चाचपत उतरू लागले.

पायाला जमीन लागली, तेव्हा कपाळ पायरीवर टेकलेलं होतं.

"दम खातोय जरा," सर पुटपुटले.

"खा की," बायको म्हणाली. "पण मग हात कशाला जोडलेत?"