आठवणीतले पत्ते

"रिपोर्ट कुठंय?" फोनवर सर्जन ओरडत होता. "पेशंट टेबलवर आहे! कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सुरी लावणार नाही!"

रिपोर्ट कधीच तयार झाला होता. मेलही केली होती. पण ती लॅबच्या मेल सर्व्हरमध्येच अडकलेली, आणि तिच्यामागे ही भली मोठी रांग!

फोन कानाला धरलेली ती लॅबचं नेटवर्क सांभाळायची. त्यात आईचा फोन. कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट. कालच तर झापलं होतं आईला. दादाशी बोलणं बंद होऊन वर्ष उलटलं, तेव्हापासून निरोप्या म्हणजे आई. दादा असं म्हणाला, दादा तसं म्हणाला. काल म्हणे, "दादानं सांगितलंय, सायकल जपून चालव." सायकल! ती विकून जमाना झाला. एवढीही खबर नाही त्याला? "बास आई! यापुढे त्याचं मला नको आणि माझं त्याला नको!"

"तुझ्या डीएनएसनं माती खाल्लीय," मेल सर्व्हर बघणारा मामा म्हणाला. सगळ्यांना मामा बनवायचा म्हणून त्याचं नावच मामा पडलेलं. "सर्व्हरला बाहेरचे पत्तेच सापडेनात."

"काहीतरीच! माझ्या लॅपटॉपवर सगळं उघडतंय. सकाळी मेल जात होत्याच ना?"

"तू मोबाईलच्या नेटवर बसलीयेस, बाई! आणि सकाळी जात होत्या, पण मग एकेक हॉस्पिटल गळायला लागलं."

एकेक? तिची ट्यूब पेटली.

काल बाहेरची माणसं लॅबच्या डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरला, फुकट राबवताना दिसली होती. हा पत्ता शोधून आण, तो शोधून आण. ती वैतागली, आणि दुसऱ्यासाठी विचारून आणायचं कामच तिनं बंद करून टाकलं. सरसकट! मेल सर्व्हर घरचाच, तोही तिथंच विचारतो, हे डोक्यातच आलं नाही. तो बिचारा आठवणीतल्या जुन्या पत्त्यांवर गाडी ढकलत राहिला. आठवण संपत गेली तसा अडत गेला. बघणाऱ्याला वाटावं, सगळं सुरळीत!

"सगळ्यांना उघडतेस?" मामानं विचारलं.

"छे! परक्यांना बंदच. घरच्यांना उघडते."

खटाखट दोन ओळी बदलल्या. रांग हलली. सर्जन म्हणाला, "आला," आणि आभार-बिभार काही नाही, धाडकन फोन ठेवला. मामानं तिला टपली मारली.

ती जिन्यात जाऊन बसली. आईला फोन लावला.

"आई, चुकलं माझं. दादाला विचार ना, कसा आहे."



"तूच विचार गं. तुमचं भांडण झाल्यापासून तो माझाही फोन उचलत नाही. मला जे जे आठवत होतं, तेच मी तुला सांगत आले."