न हलण्याची वीस मिनिटं

रोटोरुआहून दीड तास गाडी चालवत मोठ्या इस्पितळात आलो होतो. लेकीच्या, आनाहेराच्या, लसीकाग्रंथींच्या कर्करोगावर औषध लागू पडतंय का, हे या स्कॅनमध्ये कळणार होतं. "वीस मिनिटं हलायचं नाही हं, नाहीतर भूल द्यावी लागेल," यंत्राशेजारच्या ताईने बजावलं. माझी पाच वर्षांची लेक जेवतानाही एका जागी टिकत नाही. मी काचेआडून टक लावून बसले. तिने पापणीसुद्धा लवू दिली नाही.

"शाब्बास गं ढमे!" ताई तिला म्हणाली. "मोठी माणसंही चुळबुळ करतात. तुला कुणी शिकवलं?"

"कोरोआजोबांनी. ते माराएवर, आमच्या सभाघरात, उघड्या पेटीत तीन दिवस असेच झोपले होते. सगळे रडत, गाणी म्हणत त्यांच्याकडे येत होते. मी शेजारीच होते."

मग खुशीत माझ्याकडे वळून म्हणाली,



"आई, आता माझ्याकडेपण सगळे येतील ना, गाणी म्हणत?"