पायरीतला मुठवा

पहार दगडाखाली गेली, पण शालूबाईंचे हात पुढे रेटेनात. तो दगड म्हणजे प्रार्थनाघराची पहिली पायरी. सात वर्षांपूर्वी त्यांनीच तिथे बसवून घेतलेली. त्याआधी तो इथल्या कोरकू आदिवासींचा मुठवा होता, सातपुड्याच्या पायथ्याचा शिवेवरचा देव. दगड पायाखाली घ्या म्हणजे भीती जाईल, असं मिशनच्या प्रचारिका म्हणून त्यांनी कोरकूंना शिकवलं होतं.

भीती गेली खरी, पण ती उत्तमरावांची. शेजारच्या मोठ्या वावराचे हे मालक. मुठव्यापुढे नांगर घालायची त्यांची छाती नव्हती. दगड हलला आणि दर उन्हाळ्यात नांगर कोरकूंच्या रानात सरकत गेला. राज्य नवं आलं, तलाठी नवा आला, त्याने कागद मागितला. कोरकूंचा कागद तोच दगड. आज सकाळी कोरकू तानुबाईच्या तुकड्यावर नांगर फिरायची पाळी होती.

मार्तंड पाळक प्रार्थनाघराच्या दारात येऊन उभे राहिले. दगड पूजणारीला इथे भाकर नाही आणि वर स्वर्ग नाही, एवढंच ते बोलले. नरकाला शालूबाई लहानपणापासून भीत आल्या होत्या.

"देव नाही करून राह्यली मी याले, पाळकसाहेब. हद्द करून राह्यली," त्या म्हणाल्या आणि पहार रेटली.

तानुबाईने बैलगाडीतून दगड त्याच्या जुन्या जागी, शिवेवरच्या मोहाच्या झाडाखाली आणला. मग शेंदराची पुडी शालूबाईंपुढे धरली.

"ज्यानं उठोला, त्यानंच बसवा लागते, बाई. माह्या हातानं नाही बसत तो."

शालूबाईंनी दगड बसवला, शेंदूर फासला. तानुबाईने एकदा त्यांच्या चपलांकडे पाहिलं.

तेवढ्यात उत्तमराव आले, नांगर जुंपूनच. हातात आसूड. शालूबाई दगडापुढे उभ्या राहिल्या. प्रार्थना करायची, तर कोणाची, हेच सुचेना.

उत्तमरावांनी ओला शेंदूर पाहिला. आसूड खाली गेला. त्यांनी जोडे काढले, लांबूनच हात जोडले आणि मुकाट्याने बैल वळवले.

तानुबाई माणसं बोलवायला धावली. मोहाखाली शालूबाई एकट्याच उरल्या. ती नुसती हद्द होती, असं त्यांनीच सांगितलं होतं. आता बघायलाही कोणी नव्हतं.

त्यांनी पायातल्या चपला काढल्या.