झाकण

लव्हॉननं झाकणावर बोट दाबलं. टक वाजलं आणि झाकण खाली बसलं. बोट उचललं, तर पुन्हा वर आलं.

बाकीच्या बरण्यांना नारिंगी फिती बांधून झाल्या होत्या. ही शेवटची. तिनं पुन्हा दाबून पाहिलं. टक. भरलेल्या बरण्या निवायला लागल्या की झाकणं एकेक करून आत ओढली जातात, तेव्हा असाच आवाज येतो. तो ऐकायला ती दर वर्षी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायची. पण एकदा बसलेलं झाकण पुन्हा वाजत नाही. वाजलं तर आतला माल बिघडला, हे तिला आईनं लहानपणीच शिकवलं होतं.

सून वळली तशी तिनं बरणीवर तळहात ठेवला.

"आई, या खरंच न्यायच्या?" ट्रिनानं विचारलं. ती सफरचंदाचा गरम रस थर्मासात ओतत होती, दालचिनी-लवंगेच्या वासानं घर भरलं होतं. "मी भोपळ्याचे केक केलेत ढीगभर. पुरतील तेवढे."

"आता काय झालं?"

"काउंटीच्या शेतकी ऑफिसातली ती बाई सांगत होती. भोपळा आटवून बरणीत भरायचा, तळघरात ठेवायचा, हे करायचं नाही. सरळ फ्रीजरमध्ये टाकायचा. घट्ट असतो ना, बरणी कितीही उकळली तरी मध्यापर्यंत आच पोचत नाही म्हणे."

"तिनं कधी कुणाला जेवू घातलंय?"

"मला काय माहीत!"

"मग. माझ्या आईनं हयातभर घातलं. याच भोपळ्याचं. कोण मेलं, सांग."

चर्चमधल्या सुगीच्या जेवणाला लव्हॉनचं भोपळ्याचं बटर नसेल तर निम्मी माणसं पावाला हात लावत नसत. नावाचंच बटर, लोण्याचा त्यात टिपूसही नाही. भोपळ्याचा गर, काळसर साखर, दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग, आणि ढवळून ढवळून दुखरा झालेला खांदा. चर्चमधलीच डेलोरस यॉडर केक करायची तो विकतच्या डब्यातल्या भोपळ्याचा, आणि वर हिलाच विचारायची, "अजून आईच्याच पद्धतीनं का गं?" त्या बाईसमोर रिकाम्या हातानं उभं राहायचं म्हणजे आपलं नाक कापून तिच्या ताटात वाढायचं.

"आत विष तयार झालं तरी वास येत नाही, चव बदलत नाही, तेच तर वाईट," ट्रिना सोडायला तयार नव्हती. "आधी तोंडाला कोरड पडते. पापण्या जड होतात. मग एकाचं दोन दिसायला लागतं. मग श्वासच..."

"सणासुदीला काय अभद्र बोलतेस गं!"

ट्रिनानं थर्मासचं बूच घट्ट बसवलं, हात पुसले.

"बरं. तुम्ही म्हणाल तसं. झाकणं सगळी बघितलीत ना? एकही फुगलेलं नाही?"

तळहाताखाली झाकण वर यायला बघत होतं. लव्हॉननं ते दाबून धरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आजवर ती थट्टेनंच म्हणत आली होती.

"एकही नाही," ती म्हणाली.

सुनेनं विश्वास ठेवला. तो तिच्या चेहऱ्यावर दिसला आणि लव्हॉनला स्वतःची लाज वाटली. पण बोललेला शब्द आता गिळायचा कसा? ट्रिनानं बरण्यांची खोकी उचलली.

"आणि ती हातातली?"

"ही राहू दे. मर्लला लागते."

"बाबांचा जीव आहे त्याच्यावर," ट्रिना हसली. "मी पुढे होते, मांडामांड करते. तुम्ही बाबांना घेऊन या मागून. आणि त्यांना उठवा आता, सकाळपासून पेंगतायत!"

दार लागल्यावर लव्हॉननं ती बरणी कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातली आणि वर बटाट्याची सालं लोटली. एखादी बिघडते. बाकीची झाकणं तिनं स्वतः दाबून पाहिली होती, सगळी घट्ट होती. सगळ्या बरण्या एकाच पातेल्यातल्या होत्या, हा विचार आला तसा तिनं तो हात धुताना धुऊन टाकायचा प्रयत्न केला. पाणी फार गार होतं.

"अगं," बाहेरच्या खोलीतून मर्लनं हाक मारली. "पाणी आण. घसा नुसता वाळलाय."

"आत्ताच तर दिलं!"

"तुझेच मसाले, दुसरं काय." तो हसला, पण शब्द तोंडातल्या तोंडात राहिले, घास कोंबल्यासारखे.

परवा त्यानं हट्टानं एक बरणी आधीच उघडली होती. सुगीच्या जेवणापर्यंत थांबेल तो मर्ल कसला! तेव्हापासून पावावर तेच, कॉफीच्या दुधात चमचाभर ढवळून तेच. रोज पहाटे शेतावर असणारा माणूस आज कपडे करून खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता तो उठलाच नव्हता. वय झालं, असं सकाळी ती त्याला चिडवून गेली होती.

ती पेला घेऊन गेली. मर्ल मान मागे टाकून बाहेर बघत होता. बाहेर बघायला मान कशाला मागे टाकावी लागते, हे तिला कळेना. मग तिनं त्याच्या पापण्या पाहिल्या. अर्ध्यावर उतरलेल्या. त्यांच्या खालच्या फटीतून तो बघत होता.

"अगं," तो म्हणाला, "ट्रिनाच्या शेजारून ती दुसरी गाडी कुणाची चाललीय? अगदी तिच्यासारखीच."

मका कापून झाला होता, चर्चच्या वळणापर्यंत रान उघडं पडलं होतं. लव्हॉननं खिडकीतून पाहिलं.

रस्त्यावर एकच गाडी होती. वळणाशी ती जराशी थांबली, आणि चर्चकडे वळली.