ज्याचं नाव, त्याचा हात

दोहातल्या त्या टेस्टिंग लॅबचा शिक्का असल्याशिवाय आयात केलेले प्लग बाजारात जात नसत. प्लगच्या प्लॅस्टिकला लालबुंद तापलेली तार टेकवायची आणि ते पेट घेतं का बघायचं, ही टेस्ट लॅबमधल्या विभावरीने वर्षभर खपून बसवली होती. कागदावर मात्र टेस्ट करणारा म्हणून मॅनेजर देवव्रत सरांचं नाव लागलं. तिने विचारलं तेव्हा सर हसून म्हणाले होते, "नाव कुणाचं का असेना, आपल्याला कामाशी मतलब. खलास!"

विभावरीने मनात डूख धरला. सरांच्या हुकमाप्रमाणे तीन वर्षं टेस्ट स्वतः करून प्रत्येक रिपोर्टवर तिने सरांचंच नाव घातलं, एकदाही न चुकता.

आज लॅबची मान्यता टिकवायची की काढून घ्यायची हे ठरवायला परदेशातून तपासनीस आले. रिपोर्टांचा गठ्ठा चाळून ते म्हणाले, "मिस्टर देवव्रत, इथे सगळीकडे तुमचंच नाव आहे. मग ही टेस्ट आत्ता माझ्यासमोर करून दाखवा."

सर मशीनपाशी गेले, त्याभोवती एक चक्कर मारून आले आणि पाहुण्याला कळू नये म्हणून मराठीत पुटपुटले, "अगं विभावरी, हे चालू कुठून करतात?"



विभावरीने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि पाहुण्यालाही नीट ऐकू जाईल अशा खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "सर, मशीन चालू करायचं बटण मागच्या बाजूला आहे."