पाहुण्यांची चाल

"आईशी जरा मोठ्याने बोला, टीचर," विद्याधर दारातच म्हणाला. "ऐकू कमी येतं. नातीने कानातलं यंत्र आणून दिलंय, तरी उत्तर उशिरानेच येतं."

वनमालाने पांढरी काठी घडी करून पिशवीत ठेवली. मुलुंडच्या या सोसायटीत तळमजल्यावरची एक खोली रिकामी होती. खोली द्रौपदीबाईंची, आणि द्यायची की नाही हेही त्याच ठरवणार होत्या. वनमालाच्या घरच्या शिकवणीत मुलं आता ओट्याखाली बसू लागली होती. आधी पाहिलेल्या खोलीच्या मालकाने तिची काठी पाहिली आणि खोली नुकतीच दुसऱ्याला दिल्याचं त्याला आठवलं. हीही गेली, तर निम्म्या मुलांना नाही म्हणावं लागणार होतं.

द्रौपदीबाई खिडकीपाशी आपल्या ठरलेल्या खुर्चीत बसल्या होत्या. नात श्रुतिकाने आधी त्यांच्या हातात कप दिला, मग वनमालाच्या, आणि आजीने केलेल्या खोबऱ्याच्या वड्या पुढे ठेवल्या. वनमालाने एक तोंडात टाकली. त्यानंतर काही वेळ तिला बोलता आलं नाही.

विद्याधरची शंका सरळ होती. मुलं वही कोरी ठेवून 'लिहिलं' म्हणतील, तेव्हा या बाईंना कळणार कसं?

माझी मुलं लॅपटॉपवर लिहितात, असं सांगून वनमालाने लॅपटॉप उघडला. पडदा काळाच राहिला, पण आतून मजकूर भरभर वाचून दाखवणारा आवाज सुटला. तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा.

"बिघडला वाटतं," विद्याधर म्हणाला.

"चांगला आहे. माझ्या एकटीसाठी पडदा लावून वीज कशाला जाळायची?"

मग तिने पाहुण्यांची सोय केली. मुलांचे आईवडील आले की तिला हे करावंच लागे. पडदा उजळला. बोलण्याचा वेग बैलगाडीवर आणला. लॅपटॉप बोलेल ते खाली मोठ्या अक्षरांत उमटेल असं केलं. कळ दाबायच्या आधी आपण काय करतोय तेही ती सांगू लागली. आता कृणालचा निबंध उघडते, आता पहिली ओळ. डोळस माणसाला मध्येच सोडून पुढे गेलं की तो गांगरतो, हा तिचा नेहमीचा अनुभव होता.

"गाय हा उपयुक्त प्राणी आहे," लॅपटॉप सावकाश म्हणाला. "रिकामी ओळ. रिकामी ओळ. रिकामी ओळ."

रिकाम्या ओळी बराच वेळ चालल्या. शेवटी कृणालचं नाव आलं.

"निबंध दोन पानांचा झालाय," वनमाला म्हणाली. "तुम्ही पानं मोजली असती. मला मात्र एकच वाक्य ऐकू आलं."

विद्याधर मोकळेपणाने हसला. त्याची शंका फिटली होती. तो आईच्या कानाशी वाकला आणि पडदा नीट बघितलास ना, असं त्याने ओरडून विचारलं.

"अक्षर सुवाच्य आहे," बऱ्याच वेळाने द्रौपदीबाई म्हणाल्या. त्यात ना हो होतं, ना नाही.

विद्याधर आणि श्रुतिका खोलीची किल्ली शोधायला आत गेले. तेवढ्यात वनमालाच्या लॅपटॉपवर जानकीचा निरोप आला. जानकी बोरीवलीची, तीही कानानेच वाचणारी. वनमालाने पाहुण्यांची सोय काढून टाकली. पडदा काळा झाला, मोहरी तडतडली.

"काय म्हणते म्हातारी?" जानकीने विचारलं होतं.

वनमालाने लिहायला घेतलं. लिहिलेला प्रत्येक शब्द लॅपटॉप त्याच वेगात तिला म्हणून दाखवत होता. "ठार बहिरी आहे. तोंडातून शब्द निघेल तर शपथ. वडी दगडासारखी. माझी दाढ हलली."

"खोली मिळेपर्यंत गोड मानून चघळ," जानकीचं उत्तर आलं.

हसू लपवायला वनमालाने दुसरी वडी तोंडात घातली.

खुर्ची करकरली. द्रौपदीबाई उठून टेबलाच्या कडेकडेने तिच्याजवळ आल्या.

"पाक पुढे गेला गो," त्या हळूच म्हणाल्या. "हल्ली तार दिसत नाय."

वडी वनमालाच्या गालातच राहिली.

"खोली घे. फक्त माझ्या डोळ्यांचं विद्याधरला काय बोलू नको. कळलं तर तो मला गॅसजवळ उभा करायचा नाय. आणि ते मघासारखं हळू माझ्यासमोर परत लावू नको. झोप येते."

त्यांनी कानातलं यंत्र काढलं, चाचपत वनमालाचा तळवा शोधला आणि त्यावर ठेवलं. वनमालाने ते आपल्या कानाला लावलं. आत कुणीतरी बातम्यांच्या सुरात वाचत होतं, तिच्या मोहरीपेक्षाही भरभर.

तिला त्यातला एक शब्दही कळला नाही.