पहिली कॉर्नेट

प्रार्थनेच्या तिसऱ्या ओळीत आत्याचा श्वास पुन्हा तुटला. कॉर्नेटमधून नुसती हवा निघाली. मागे बसलेल्या शाळकरी पोरींनी माना खाली घातल्या.

बँडच्या मास्तरांनी सगळ्यांना दहा मिनिटांची सुट्टी दिली आणि ते बहिणीशेजारी येऊन बसले. त्यांची मुलगी दुसरी कॉर्नेट वाजवायची. ती न सांगता पाणी घेऊन आली. तिच्यामुळेच सगळा बँड मास्तरांच्या बहिणीला आत्या म्हणायचा.

बावीस वर्षं आत्या पहिली कॉर्नेट होती. तितकीच वर्षं मास्तर जुन्या प्रार्थना आणि शास्त्रीय धून बँडसाठी लिहून देत होते. शाळकरी बोटांना आणि निवृत्त फुप्फुसांना झेपेल असं बेतण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आत्या त्यांचं पान जसंच्या तसं वाजवायची. दादाने लिहिलं तर ही पाण्याखालीसुद्धा वाजवेल, असं ढोलवाले काका म्हणायचे.

"न्यूमोनियानंतर हे असं झालंय," आत्या म्हणाली. "डॉक्टर तर म्हणतात, छाती स्वच्छ आहे."

"डॉक्टर कॉर्नेट वाजवत नाहीत."

"पुन्हा एकदा घेऊ या का?"

"घेऊ ना," मास्तर म्हणाले.

या खेपेला त्यांनी लय जरा संथ धरली. चौथ्या ओळीला आत्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. भाचीने तिला धरून खाली बसवलं.

"माझ्याच्याने आता होणार नाही, दादा."

"तुझी मर्जी. मी कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी आत्याने कॉर्नेट मऊ फडक्याने पुसली आणि भाचीच्या मांडीवर ठेवली. भाची तिच्या गळ्यात पडून रडली.

कार्यक्रमाला शाळेचा हॉल गच्च भरला होता. आत्या पहिल्या रांगेत बसली होती. भाचीने तिसरी ओळ घेतली, चौथी घेतली, सूर कुठे हलला नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आत्याने पदराने डोळे टिपले.

"बरं झालं, मला वेळेवर थांबू दिलंस," ती भावाला म्हणाली. "चारचौघांत शोभा झाली असती. पोरीचा दम बघ. माझा कधी नव्हताच एवढा."

मास्तरांनी तिला फाटकापर्यंत सोडलं.

ते परत आले तेव्हा मुलगी एकटीच खुर्च्यांवरची पानं गोळा करून फाइलीत लावत होती. तिच्या पानावर दर अर्ध्या ओळीला श्वास घ्यायची खूण होती. फाइलीच्या तळाशी त्याच प्रार्थनेचं आत्याचं पान निघालं. अक्षर मास्तरांचंच. चार ओळी सलग, खूण एकही नाही.

तिने ते पान दोन बोटांत धरून वर केलं.

"बाबा, हे अजून इथेच? तुम्ही फाडून टाकणार होतात ना?"